दिग्रसच्या मुहूर्तात माझी काच

प्रवासवर्णनं लिहिणारे लोक काश्मीरला जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला जातात, आणि परत आल्यावर धुक्याचं कौतुक सांगून ऐकणाऱ्याला झोप आणतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला जाऊन आलो. तिथे धुकं नाही. ऑक्टोबर अर्धा उलटला तरी ऊन असं, की पुण्याच्या मे महिन्याने मान खाली घालावी. आणि मी काही हौसेने गेलो नव्हतो. आमच्या सरांनी धाडलं म्हणून गेलो.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पदार्थविज्ञानात त्यांचा मोठा दबदबा आहे आणि तो टिकावा म्हणून त्यांनी गेली कित्येक वर्षं नवीन काही केलेलं नाही. माझं काम चुंबकीय पातळ थरांचं. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांना कळतं असे लोक आमच्या विभागातही फारसे नाहीत, तेव्हा वाचकाने मनाला लावून घेऊ नये.

बोटभर लांबीच्या काचपट्टीवर निर्वात भांड्यात धातूची वाफ बसवून अतिशय पातळ थर करतात. त्याला एका बाजूने चुंबकाचा जोर लावला की तो त्या दिशेला तोंड करतो, उलटा लावला की उलट फिरतो. दोन्हीकडे सारखाच जोर लागतो, म्हणून त्याचा आलेख शून्याच्या दोन्ही अंगांना सारखा फुगतो. माझ्या काचेवर दोन थर होते. वरचा निकेल आणि लोखंडाचा, मऊ, सांगाल तिकडे वळणारा. खालचा फेरीचुंबकीय. या जातीच्या पदार्थात अणूंचे दोन गट एकमेकांच्या विरुद्ध तोंडं करून उभे असतात, त्यातला एक थोडा भारी असतो, आणि वजाबाकी करून जे उरतं त्याला त्या पदार्थाचं चुंबकत्व म्हणायचं. आमच्या विभागाची सभा अशीच चालते. असा पदार्थ तापवून चुंबकाजवळ थंड होऊ दिला की तो एक दिशा धरून बसतो, आणि जिथे वरचा थर त्याला चिकटलेला असतो तिथून त्यालाही आपल्याकडे ओढून धरतो. मग वरचा थर एका बाजूला चटकन वळतो आणि दुसऱ्या बाजूला वळताना कुरकुर करतो. आलेख शून्यावर न बसता अख्खाच्या अख्खा एका बाजूला सरकतो. माझा थर बसवल्यावर चुंबकाजवळ थंड झाला होता, आणि त्याचा आलेख डावीकडे सरकला होता.

असं सरकणं परदेशात कुणाकुणाला दिसल्याचं गेली काही वर्षं छापून येत होतं, पण त्यांचा खालचा थर वेगळ्या जातीचा. फेरीचुंबकीय थरही हे करतो असं निदान माझ्या वाचनात नव्हतं. मी धावत सरांकडे गेलो. सरांनी काच उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "थर एका कडेला जाड झालाय. काचेत दोष, म्हणून आलेखात दोष."

मी म्हटलं, काच तापवून उलट दिशेच्या चुंबकात थंड करून पाहू. दोष असेल तर तो जिथल्या तिथे राहील, आणि माझं खरं असेल तर आलेख उजवीकडे जाईल. पण चुंबकात बसणारी भट्टी विभागात एकच, आणि तिची किल्ली सरांच्या खिशात. ती ते मर्जीतल्या विद्यार्थ्याला देत, आणि माझ्यावर त्यांची मर्जी नव्हती. शिवाय माझी काचही एकच होती. यंदाच्या पावसाळ्यात पुण्याला पूर आला, आमचा निर्वात पंप पाण्याखाली गेला आणि तेव्हापासून तो नुसता घरघरतो. दुसरी काच करायची सोय नव्हती. सरांनी निकाल देऊन टाकला: दिवाळीनंतर हा विषय बंद. मुकाट्याने रबराच्या ताणावर काम करायचं, नाहीतर शिष्यवृत्ती सोडून चालू लागायचं.

आणि याच सुमारास दिग्रसच्या एका जिनिंग मिलमधून सरांच्या ओळखीच्या कुणाचा तरी निरोप आला की मिलचं चुंबक काम करत नाही, कुणी जाणता माणूस पाठवा. सर माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. "तू चुंबकाचा माणूस. जा, जरा डोळ्यांना दिसणारं चुंबक बघून ये." विभागात हशा पिकला. सरांच्या विनोदाला हसणं हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

काच मी बरोबर घेतली. ती मागे ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण सुटीत आमचा प्रयोगशाळा-सहायक हाताला लागेल ती काच आम्लात धुऊन स्वच्छ करतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळवतो. औषधाच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत कापूस घातला, त्यात काच निजवली आणि डबी पिशवीत टाकली. कापसाच्या मुलखात मी कापसात गुंडाळून काच नेत होतो. तेवढा एकच विनोद त्या प्रवासात माझा स्वतःचा.

दिग्रस

मुर्तिजापूरहून दारव्ह्यापर्यंत छोटी गाडी आहे. तिच्यात बसण्यात जेवढा वेळ गेला, तेवढाच तिच्यावर लिहिण्यात घालवायची माझी तयारी नाही. दारव्ह्याहून एस.टी.ने दिग्रसला उतरलो, तर स्टँडवर काळी टोपी, पांढरा कोट आणि पावसाचा थेंब नसताना बगलेत छत्री घेतलेले एक किडकिडीत गृहस्थ माझी वाट बघत उभे होते. हे मिलचे मॅनेजर बापूराव. घराण्यात तीन पिढ्या कचेरीची नोकरी, आणि ती त्यांच्या उभं राहण्यातही दिसत होती; समोर साहेब नसला तरी ते साहेबासमोर उभे असल्यासारखेच उभे असत. त्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि पहिलंच वाक्य बोलले ते असं: "सायेब, चुंबक मेलं जी."

वाटेत त्यांनी सगळी हकिकत सांगितली. शेतकऱ्याच्या कापसात खिळा, नाल, तारेचा तुकडा असलं काही येतं. ते जिनच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, दातात गेलं की ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी पुरते. म्हणून मिलचे मालक शेठजी यांनी मागच्या साली मुंबईहून घोड्याच्या नालेच्या आकाराचं भलंमोठं चुंबक मागवलं आणि कापूस जिथून घसरत जिनमध्ये पडतो त्या पत्र्याखाली बसवलं. एवढं करूनही हंगामात आग लागली. चुंबकाला एक खिळासुद्धा चिकटलेला नव्हता. मी म्हटलं, आत्ताच दाखवा. तर ते काढून कोठीत कुलपात ठेवलं होतं आणि शेठजी यवतमाळहून येईपर्यंत कुलूप उघडायची परवानगी नव्हती. शेठजी नव्या हंगामाच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी येणार. तोवर जाणत्या माणसाने काय करायचं, तर जेवायचं.

जेवण मात्र खरंच जेवण होतं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पाटोडीची भाजी आणि तिच्यावर बोटभर लाल तेल. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. बापूरावांच्या पत्नींनी काळजीने विचारलं, पुण्याकडे आमटी कशी करतात. मी सांगितलं, गूळ घालून. त्या बापूरावांकडे बघून म्हणाल्या, "मंग बिमार मानसाले काय देतात?" पुण्यात पाहुण्याला एकदा आग्रह करतात आणि त्याने "नको" म्हटलं की त्याचा शब्द प्रमाण मानतात. इथे "नको" हा शब्द कुणाला ऐकूच जात नाही.

तांडा

बापूरावांचा सिद्धान्त असा होता की लोखंड जवळच्या बंजारा तांड्यावरचे लोक मुद्दाम कापसात घालतात, वजन वाढायला. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी तांडा बघायला निघालो. बरोबर मिलचा फिटर हरसिंग होता. तो स्वतःच त्या तांड्यावरचा, त्यामुळे बापूरावांचा सिद्धान्त तो रोज कामावर ऐकत असणार. वाटभर तो माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर कंबरेइतकी पऱ्हाटी, आणि बोंडं नुकती फुटायला लागलेली. हे दृश्य सुंदर आहे असं मी कबूल करतो, पण ते बघायला सावलीला जागा नाही.

तांड्यावर नायक, म्हणजे तिथले प्रमुख, बाजेवर बसले होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटं. "आवो, बेसो," म्हणाले आणि हरसिंगच्या आईने, याडीने, गुळाचा काळा चहा आणून दिला. तिच्या हातातल्या बलोयांचा, म्हणजे कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांचा आवाज चहाच्या आधी पोचत होता. माझ्या आईने असं काही अंगावर घातलं असतं तर आमच्या वाड्याच्या मालकाने आवाजाबद्दल तक्रार केली असती. मी जरा आडवळणाने लोखंडाचा विषय काढला. आडवळण वाया गेलं. नायकांना तो विषय चांगला पाठ होता.

"आमचे आजेपणजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत होते, सायेब," ते म्हणाले. "आता आमी वावर करतो. मले एक सांगा. वजनच वाढवाचं असन त वावरात गोटे फुकट भेटतात. लोखंड कायले टाकू?"

शास्त्राच्या पदव्या घेतलेल्या माणसाला हे सुचायला हरकत नव्हती, पण बापूरावांनाही सुचलं नव्हतं आणि मलाही. हरसिंग पहिल्यांदा हसला. नाल निसटते, गाडीची चूक, म्हणजे बारीक खिळा, पडते, तारेचा तुकडा पडतो. पडतं ते आपोआप पडतं, आणि ते पडणारच म्हणून तर चुंबक आणलेलं. म्हणजे प्रश्न फिरून त्या कुलपातल्या चुंबकापाशी आला. मी दुपारच्या उन्हात परत निघालो, आणि वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शास्त्रासाठी लोकांनी पायपीट केल्याच्या गोष्टी मी लहानपणी वाचल्या होत्या. त्यात चपलेचा उल्लेख नसतो.

सील

शेठजी मोटारीने आले. पोट आधी उतरलं, मागून शेठजी. कोठी उघडली गेली, हरसिंगने गोणपाट सोडला आणि मी ते चुंबक पाहिलं. उत्तम चुंबक होतं. आमच्या विभागाकडे तसं नाही. आणि त्याच्या दोन्ही टोकांवर आडवी एक जाड लोखंडी पट्टी बसवलेली होती, तारेने बांधलेली, आणि तारेवर लाखेचं लालबुंद सील, छापासकट, जसंच्या तसं.

वाचकहो, नालेच्या आकाराचं कायम चुंबक पाठवताना त्याच्या टोकांवर अशी पट्टी घालून पाठवतात. चुंबकाचा सगळा जोर त्या पट्टीतून आतल्या आत फिरत राहतो आणि चुंबक टिकतं. वापरताना पट्टी काढायची, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. यांनी ती काढलीच नव्हती. अख्खा हंगाम चुंबक बूच लावलेल्या बाटलीसारखं पत्र्याखाली बसून होतं, आणि त्याच्या डोक्यावरून खिळे निवांत जात होते.

मी विचारलं, ही पट्टी काढली का नाही? हरसिंगने बापूरावांकडे पाहिलं. बापूराव दोन पावलं पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "दोन सालाची गॅरंटी हाय जी. सील तुटलं का गॅरंटी गेली."

मी हसलो. हसताना माझ्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाही. शेठजी गंभीर होते. त्यांनी विचारलं, गॅरंटी केव्हा संपते? बापूरावांनी सांगितलं, पुढच्या दिवाळीला. शेठजींनी विचार केला आणि म्हणाले, मग पट्टी पुढच्या दिवाळीनंतर काढू. मिल जळाली तर चालेल, पण गॅरंटी शाबूत राहिली पाहिजे, असा तो हिशोब होता. मी तासभर डोकं फोडलं. चुंबकाची रेषा न् रेषा समजावून सांगितली. त्यांच्यावर तिचा काही परिणाम झाला नाही. शेवटी मी थकून म्हटलं, "शेठजी, देवापुढे नारळ फोडतात तेव्हा नारळाची गॅरंटी विचारतात का?" हे मात्र त्यांना पटलं. ठरलं असं की उद्या हंगामाच्या मुहूर्ताला, पूजेत, देवासमोर सील तोडायचं, म्हणजे दोष कुणाला लागणार नाही. पुण्यात असा निर्णय घ्यायला तीन समित्या लागल्या असत्या, आणि दोष तरीही माझ्यावर आला असता.

संध्याकाळी बापूराव मुहूर्ताची पद्धत सांगत बसले. ज्याचं जे अवजार ते त्याने पूजेत ठेवायचं. फिटरचा पाना, तोलाऱ्याचा काटा, त्यांची स्वतःची टाक-दौत. पूजा एकदा मांडली की पहिली गासडी, म्हणजे रुईची दाबलेली गाठ, बांधून होईपर्यंत कुणी काही उचलायचं नाही. उचललं तर हंगाम बसतो. मग त्यांनी आदराने विचारलं की माझं अवजार कोणतं. मी डबी उघडली, काच दाखवली आणि मोठ्या दिमाखात म्हणालो, हे. त्यांनी वाकून पाहिलं. कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने मी एक बारीक बाण कोरला होता, दिशेची खूण म्हणून; तो कशाचा तेही विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

मुहूर्त

रात्रीच्या ठेच्याने सकाळी आपलं काम केलं. त्याचं वर्णन करत नाही. मिलच्या आवारातल्या ज्या खोलीत मला उतरवलं होतं तिथून मागच्या शेतापर्यंत मी इतक्या वेळा गेलो, की तिकडचं कुत्रं मला ओळखायला लागलं. या येरझाऱ्यांत मुहूर्त गाठला नाही. अंगात जीव आल्यावर कपडे बदलायला पिशवी उघडली, तर डबी उघडी आणि आत नुसता कापूस.

मी धावलो. जिनसमोर पाटावर गणपतीची तसबीर, तिच्यापुढे पाने, काटा, टाक-दौत, आणि मधोमध माझ्याच उपदेशाने सील तोडलेलं, पट्टी काढलेलं ते चुंबक, दोन्ही टोकं वर करून उभं केलेलं, झेंडूच्या गोंड्यांच्या माळा घातलेलं. त्याचं एक टोक तसबिरीकडे होतं, एक आपल्याकडे, आणि त्या दोन टोकांवर पूल टाकावा तशी माझी काच आडवी ठेवली होती. काचेवर हळद, कुंकू आणि तुपाचा थेंब. आणि खाली, चुंबकाच्या दोन पायांमधल्या पोकळीत, धगधगत्या निखाऱ्यांचं पितळी धुपाटणं. भटजी त्यात उदाची मूठ टाकत होते आणि धुराचा लोळ थेट माझ्या काचेला लागत होता.

मी हात पुढे केला. चार जणांनी तो धरला. शेठजी म्हणाले, पहिली गासडी होऊ द्या. मी ओरडलो की काच तडकेल, थर जळेल, माझं सगळं काम त्या काचेवर आहे. त्यांनी मला सरबत दिलं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, जिन फिरू लागले, आणि पहिलाच कापूस पत्र्यावरून घसरताना लोक टाळ्या वाजवू लागले. चुंबक पूजेत अडकलं होतं, म्हणजे तो पहिला कापूस चुंबकाशिवायच जात होता. हे फक्त माझ्या लक्षात आलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. माझी सांगायची इच्छा मेली होती.

सरकीच्या पोत्यावर बसून मी बघत राहिलो. निखारे लाल होते, मग राखाडी झाले, मग विझले. काच त्या चुंबकावर सावकाश थंड झाली. मला सर दिसत होते, त्यांचा मिटलेला डोळा दिसत होता, रबराचे तुकडे दिसत होते. दोन वर्षं मी त्या काचेसाठी घालवली होती, आणि ती एका मिलच्या मुहूर्तात कुंकू लावून जळत होती. मला रडू येत होतं, आणि लोक समजत होते धूर लागला.

दुपारी गासडी झाली. काच मी उचलली. तडकली नव्हती, पण काजळीने काळी झाली होती. बापूराव हात जोडून उभे होते. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढं म्हणालो की तुम्ही माझी दोन वर्षं जाळली.

स्टँडवर ते आले, छत्री बगलेत, हातात सांबारवड्यांचा डबा. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ड्रायव्हरने दांडा फिरवून इंजिन चालू केलं तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "सायेब, मी नीट ठेवलं होतं जी. तो बान होता ना, त्याले पाठमोरा कसा ठेवू? देवाकडे तोंड केलतं त्याचं."

मी खिडकी बंद केली.

पुणे

सुटीमुळे विभागात शुकशुकाट होता, फक्त सर खाली आपल्या खोलीत होते. स्पिरिटने काजळी पुसली. थर शाबूत दिसला, जरासा फिका. बाणाच्या चरीत कुंकू बसलं होतं, ते निघेना. काच मेली आहे याची एकदा खात्री करून घ्यावी, मग रबर हातात घ्यावं, म्हणून ती मोजणीच्या यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यात सरकवली आणि बटण दाबलं.

यंत्राच्या पडद्यावर आलेख उजवीकडे होता.

मी काच काढली, बाण बघितला, तशीच परत घातली. उजवीकडे. पूर्वी डावीकडे जेवढा सरकत होता, जवळपास तेवढाच. मी स्टुलावर बसलो, आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. निखारे. त्यांच्यावर माझी काच, दोन टोकांमधल्या जबरदस्त चुंबकी जोरात. आणि पहिल्या गासडीपर्यंत काही उचलायचं नाही, म्हणून तिथेच, त्याच जोरात, सावकाश थंड. फेरीचुंबकीय थराने जुनी दिशा सोडून नवी धरली होती, आणि वरच्या थराला आपल्यामागे ओढून नेलं होतं. जो प्रयोग करायला मला भट्टी मिळत नव्हती, तो दिग्रसला भटजींनी मंत्र म्हणत केला होता. बापूरावांनी बाण पाठमोरा ठेवला असता, तर आलेख डावीकडेच राहिला असता, आणि मला काही कळलंच नसतं.

मी जिन्यावरून दोनदोन पायऱ्या उतरत सरांकडे गेलो. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. आधी एक डोळा मिटला, मग उघडला. काचेतला दोष कूस बदलत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या भट्टीत?"

मी सगळं सांगितलं. धुपाटणं, ऊद, गोंडे, देवाकडे तोंड केलेला बाण. सर हसतील अशी माझी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. ते उठले, खोलीचं दार आतून लावलं आणि परत येऊन बसले.

"हे कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "योग्य भट्टीत तापवलं, असं लिही. आणि लेखावर माझं नाव आधी घाल." मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

त्या किल्लीने मी भट्टी उघडली आणि काच पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली. दरवेळी आलेख सांगितल्या बाजूला गेला. रबर टळलं. बापूरावांना मी कार्ड टाकलं की काच बिघडली नाही, उलट सुधारली. त्यांचं उत्तर आलं. चुंबक आता चांगलं चालतं, रोज खिळे निघतात, आणि मुंबईच्या कंपनीला मात्र सील तुटल्याचं कळवलेलं नाही.

काचेवरचं कुंकू धुऊन टाक, असं सर मला दर आठवड्याला सांगतात. मी धुतलेलं नाही. आमचा लेख छापून येईल, त्यात "योग्य भट्टीत" असे शब्द असतील, आणि वाचणारे विद्वान समजतील की ती भट्टी परदेशी असणार. ती पितळेची आहे. दिग्रसला असते. तिच्यात ऊद जळतो.